कशाबरोबरही चालते

४ मार्च, सोमवार

ही डायरी खरं म्हणजे डॉक्टरांना वाटायची. काळं कव्हर, आत लाल फीत आणि प्रत्येक पानाच्या तळाला आमच्या गोळीचं चित्र. साठ मिळाल्या होत्या. एकोणसाठ वाटीन, एक माझी. साठाव्या डॉक्टरला पेनवर भागवू.

गोळीचं नाव इथे लिहिणार नाही. दिवसातून चाळीस वेळा घेतो, घरी तरी जिभेला सुट्टी. गुडघेदुखीची आहे, बाजारात नवीन आहे, दिवसातून एकदा घ्यायची. एवढं पुरे.

साहेबांना रोजचा रिपोर्ट वेगळा जातो. किती डॉक्टर भेटले, कुणाला किती सॅम्पल दिली. त्यात माझं म्हणावं असं काही मावत नाही, म्हणून ही दुसरी वही. आणि मला लिहिण्यासारखं बरंच आहे, कारण ही नोकरी मला जमते. बॅग खांद्याला लावली की माझी उंची दोन इंच वाढते.

कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. सोडलं म्हणजे असं की प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांदेखत माझी वही भिरकावली. मग मीही त्यांच्या टेबलावर जे जे होतं ते भिरकावलं. प्राचार्य म्हणाले, माफी माग, विषय संपला. मी म्हटलं, विषय आत्ताच संपला, आणि निघून आलो. तेव्हापासून दादा माझ्याशी वहिनीमार्फत बोलतो. एकाच टेबलावर जेवताना म्हणतो, त्याला मीठ दे. तरी ही नोकरी त्याच्याच ओळखीने मिळाली. सहा महिने उमेदवारी, तीस एप्रिलला कायम झाल्याचं पत्र. दादाने वहिनीमार्फत कळवलंय की पत्र आणलं तर तो कॉलेजचा विषय जन्मात काढणार नाही.

पत्र आणणार. त्यात लिहिण्यासारखंसुद्धा काही नाही.

६ मार्च, बुधवार

लोकांना वाटतं एमआर म्हणजे दिवसभर फिरणारा माणूस. आम्ही बसतो. दवाखान्याच्या बाकावर, शेवटचा पेशंट बाहेर पडेपर्यंत, बुटांची टोकं बघत. मग आत बोलावणं येतं आणि हातात चाळीस सेकंद असतात. तेवढ्यात फोल्डरची पाच पानं उलटायची, गोळीची गोष्ट सांगायची, सॅम्पल टेबलावर ठेवायचं आणि डॉक्टर कंटाळायच्या आत निघायचं. याला आमच्यात डिटेलिंग म्हणतात.

आज कडक मॅडमकडे होतो. हे नाव आम्ही सगळ्या एमआर मंडळींनी ठेवलंय. तीस वर्षं त्याच खोलीत, त्याच टेबलामागे. मागे एकाला फोल्डर उलटं धरलं म्हणून त्यांनी बाहेर काढलं होतं. मी तिसऱ्या पानावर होतो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"रक्त पातळ करायचं औषध चालू असलेल्यांना मी दुखण्याच्या जुन्या गोळ्या देत नाही. तुमची वेगळी आहे म्हणता. अशा माणसाला चालते का?"

ट्रेनिंगमध्ये आमच्या डोक्यात एक खिळा ठोकलाय: डॉक्टरसमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही. आणि आमच्या कंपनीची कॅल्शियमची गोळी आहे, तिच्या पाठांतरात एक वाक्य आहे. ते आपसूक ओठांवर आलं.

"कशाबरोबरही चालते, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. डोळे खाली घालणं आपल्या रक्तात नाही. मग त्यांनी मान हलवली आणि समोरच्या पॅडवर आमच्या गोळीचं नाव टिपून घेतलं. कडक मॅडमनी. पहिल्या भेटीत.

जिना उतरताना लक्षात आलं की वाक्य दुसऱ्या गोळीचं होतं. पण गोळी आमचीच, वाक्यही आमचंच. एका घरातलं दुसऱ्या खोलीत नेलं, इतकंच.

११ मार्च, सोमवार

तिच्याबद्दल लिहायचं टाळत होतो. लिहायला लागलो तर पानं पुरणार नाहीत.

चौकातलं औषधांचं दुकान. काउंटरमागे ती, पांढरा कोट, चष्मा कपाळावर चढवलेला. फार्मासिस्ट आहे, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. कोणता डॉक्टर आमची गोळी किती लिहितो ते दुकानातच कळतं, त्यामुळे दुकानात जाणं हे माझं कामच आहे. बाकीच्या दुकानांत आठवड्यातून एकदा जातो. तिथे रोज.

तिचं काम बघत उभं राहावं. चिठ्ठी हातात घेते, ओठ न हलवता वाचते, मग माणसाकडे बघते. एखाद्या आजीला तीच गोष्ट तीन वेळा सांगते आणि तिसऱ्या वेळीही आवाज तोच. मला कुणी तिसऱ्यांदा विचारलं तर मी टेबल उलटवीन.

दुपारी तीनला दुकान रिकामं असतं. आज म्हणाली, तीनला येत जा, तेव्हा नीट बोलता येतं. मी बाहेर येऊन दहा मिनिटं नुसता उभा होतो.

तिला डबा आणून देणारा तिचा भाऊ असावा. उंच, शांत माणूस. हेल्मेट काढून काउंटरवर ठेवतो, ती जेवेपर्यंत आत बसतो, डबा घेऊन जातो. असा भाऊ असावा. मी त्याला एक डायरी दिली. म्हणजे आता अठ्ठावन्न.

१४ मार्च, गुरुवार

आज साहेब माझ्याबरोबर फिरले. साहेबांबरोबर फिरणं म्हणजे परीक्षाच, ते मागे उभे राहून ऐकतात. सात डॉक्टर केले. कडक मॅडमकडे लागू पडलेलं वाक्य मी आठवडाभर सगळीकडे वापरतोय, आजही वापरलं. चौथ्या डॉक्टरने विचारायच्या आधीच मी सांगून मोकळा झालो.

गाडीत बसल्यावर साहेबांनी विचारलं की हे वाक्य कुठून आणलं. मी म्हटलं, सुचलं. ते काच खाली करून थोडा वेळ बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "छान आहे. माझ्या कानावर पडलेलं नाही, पण छान आहे." आणि पाठीवर थाप. माझं नाव त्यांनी तोफ ठेवलंय.

इतकं मोकळं कौतुक करणारा साहेब मी बघितला नाही. म्हणजे मी दुसरा साहेब बघितलेलाच नाही, तरीही.

२० मार्च, बुधवार

आकडे असे चढलेत की वरच्या ऑफिसातून साहेबांना फोन आला. एकोणीस डॉक्टर आता नियमित लिहितात. वहिनी म्हणाली, भाऊजी, आरशासमोर जरा कमी उभे राहा, काचेला तडा जाईल.

तीनला दुकानात गेलो. आज तिने स्वतः विषय काढला. विचारलं की गोळी रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर चालते असं डॉक्टर म्हणतात, ते त्यांना कोणी सांगितलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, मीच. सगळ्यांना? सगळ्यांना. तिने विचारलं, कुठल्या कुठल्या डॉक्टरांना. मी तिथेच कागदावर एकोणीस नावं ओळीने लिहून दिली, दवाखान्याच्या वेळांसकट. तिने कागदाची नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. माझ्या हातचा कागद. खिशात.

मग म्हणाली, डब्यातल्या पत्रकावर फक्त इतकं लिहिलंय की इतर औषधांबाबत कंपनीची सविस्तर माहितीपुस्तिका पाहावी. ती आणून द्याल का? मी रंगीत फोल्डर काढलं. ती म्हणाली, हे नको, बारीक अक्षरांचं.

बारीक अक्षरांचं कोण वाचतं? भेटायला निमित्त लागतं माणसाला. मी समजलो.

२७ मार्च, बुधवार

पुस्तिका खाटेखाली सापडली. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी दिली होती, अजून पानं चिकटलेली. सोळा पानं. धूळ झटकली आणि मधोमध एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीत माझा फोन नंबर आणि 'काहीही विचारायचं असेल तर, कधीही' एवढंच. हे एवढंच लिहायला चार कागद फाडले. पहिल्यात फार लिहिलं होतं.

तिने घेतली, थँक्यू म्हणाली, आणि म्हणाली घरी नेऊन वाचते.

घरी.

१ एप्रिल, सोमवार

पाच दिवस ती माझी पुस्तिका घेऊन होती. फोन आला नाही. आज परत दिली. मी रस्ता ओलांडेपर्यंतही धीर धरला नाही, दुकानाच्या पायरीवरच उघडली. चिठ्ठी होती तशीच होती. पण अकराव्या पानावर पेन्सिलने दोन ओळी अधोरेखित केलेल्या आणि कडेला तिच्या अक्षरात: 'कृपया हे वाचा.'

वाचलं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर देणे टाळावे, अपरिहार्य असल्यास वारंवार रक्ततपासणी करावी, रक्तस्रावाचा धोका वाढतो, असं काहीसं. 'टाळावे' म्हटलंय, 'देऊ नये' असं म्हटलेलं नाही. कागदांची भाषाच भित्री असते. तरी साहेबांना फोन केला. ते म्हणाले की अशी पुस्तिका वकील लिहितात, तापाच्या गोळीचीही वाचलीस तर घाबरून ताप उतरेल. मला हसू आलं.

पण वाक्य आज दोनच ठिकाणी वापरलं. एरवी सहा. का ते सांगता येत नाही, घसा बरा नसेल.

तिचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. 'कृपया' म्हणाली.

१२ एप्रिल, शुक्रवार

रागात लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

तीनला गेलो. ती काउंटरच्या बाहेर उभी होती. दुकानासमोर एक शिंपी बसतात, सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात. माझ्या दोन पँट त्यांनीच कमरेत घेतल्या. काल ते मशीनवरच कोसळले. पोटात रक्तस्राव. चार वर्षांपासून हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, आणि पाच आठवड्यांपूर्वी कडक मॅडमनी गुडघ्यासाठी आमची सुरू केली होती. ती म्हणाली, पहिल्याच वेळी तिने मॅडमना फोन करून विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या की कंपनीच्या माणसाने नक्की सांगितलंय. म्हणून तिने दिली. पुस्तिका वाचल्यावर तिने मॅडमना पुन्हा दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्या गावाबाहेर होत्या. शिंपीकाकांना तिने दिवसाआड विचारलं, काका, काही त्रास? ते म्हणायचे, छे, पळतोय.

मी म्हटलं, गोळी डॉक्टरने लिहिली, दुकानाने दिली. मी काय केलं?

"तू काय केलंस ते तू मला कागदावर लिहून दिलंयस," ती म्हणाली. "एकोणीस नावं. त्यातल्या किती जणांना तू हे खोटं आहे म्हणून सांगितलंस?"

मी म्हटलं, खोटं म्हणू नका, मला खोटारडा म्हटलेलं चालत नाही. आवाज चढला. समोरून दोघे जण बघायला आले. ती आत गेली आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली. मी दरवाजा आपटून निघालो. तो आपटलाही नाही, मागे स्प्रिंग आहे.

रस्त्याच्या टोकाला आल्यावर ध्यानात आलं की ती आज मला तू म्हणाली. अशा वेळीही ते ध्यानात यावं, याची मला लाज वाटली. पण आलं.

१३ एप्रिल, शनिवार

हॉस्पिटलला गेलो. भांडायला गेलो होतो खरं तर. कुणाशी ते ठरलं नव्हतं.

शिंपीकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. चेहरा धुतलेल्या कापडासारखा. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. माझ्या पँटची चौकशी केली. म्हणाले, "गुडघा मात्र झकास झाला होता हो. पोटाने दगा दिला." पोट आणि गोळी यांचा संबंध त्यांना कुणी सांगितला असेल तर तो त्यांच्या गावी नव्हता. जवळ ओढून हळूच विचारलं की घरी गेल्यावर ती गोळी परत सुरू करू का. इथल्या डॉक्टरांनी बंद केलीय, पण त्यांना गुडघ्याचं काय कळतं. तुम्ही कंपनीचे, तुम्हाला माहीत असणार.

जिभेवर वाक्य नव्हतं. कुठलंच नव्हतं.

"मला माहीत नाही, काका," मी म्हटलं. मग म्हटलं, "नका घेऊ. अजिबात नका घेऊ."

ते नाराज झाले. म्हणाले, असं कसं, तुमचीच गोळी ना.

१५ एप्रिल, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये बसून सगळं सांगितलं. मी ओरडेन असं त्यांना वाटलं असावं, त्यांनी दार आधीच लावून घेतलं होतं. मी ओरडलो नाही. म्हटलं, एकोणीस डॉक्टरांकडे जाऊन सांगतो की मी चुकीचं सांगितलं.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. टेबलाचा खण उघडून पत्र दाखवलं. माझं नाव, कायम नियुक्ती, तारीख तीस एप्रिल, फक्त सही बाकी. म्हणाले, तोफ, पंधरा दिवस. पत्र हातात पडू दे, मग एकेक डॉक्टर गाठ, हळूहळू, नवीन माहिती आलीय म्हणून सांग. आज गेलास तर आकडे कोसळतात, वरचे विचारतात, आणि मग हे पत्र माझ्या हातात राहत नाही. तुझं वाक्य मी तर ऐकलेलंच नाही.

तेव्हा मला गाडीतली ती खाली केलेली काच आठवली.

पंधरा दिवस. साहेब म्हणतात ते चूक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. दादाला पत्र हवंय. मला पत्र हवंय. पंधरा दिवसांत असं काय होणार आहे, कदाचित काहीच नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

एकही डॉक्टर केला नाही. बॅग घेऊन बागेत बसलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि गुडघा चोळायला लागले. मी उठून दुसऱ्या बाकावर गेलो. तिथेही एक जण चोळत होते. या शहरात गुडघे किती आहेत याचा मी विचार केला नव्हता. म्हणजे केला होता, पण तेव्हा तो आनंदाने केला होता.

उद्या निघतो. ठरलं. पंधरा दिवस थांबण्याइतका धीर माझ्या अंगात कधीच नव्हता.

१७ एप्रिल, बुधवार

सहा झाले.

सांगायचं कसं याची तालीम केली होती, पण पहिल्याच दवाखान्यात पाठांतर उडालं. शेवटी सरळ म्हटलं: सर, मी तुम्हाला सांगितलं होतं की ही गोळी कशाबरोबरही चालते. ते चूक आहे. रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर देऊ नका, ज्यांना दिली असेल त्यांना बोलवा. पुस्तिकेचं अकरावं पान समोर ठेवलं. वीस सेकंदांत झालं. आयुष्यातलं सर्वांत छोटं डिटेलिंग.

पहिल्याने पान वाचलं आणि बाहेरच्या मुलीला फाइली काढायला सांगितलं. दुसरा म्हणाला, पुन्हा पायरी चढू नकोस. तिसरा हसला, म्हणाला, बाळ, तुझ्या बोलण्यावर मी कधी लिहितो का, मला ठाऊक होतं. त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. ठाऊक होतं तर तेव्हाच थोबाडीत का नाही मारली?

१९ एप्रिल, शुक्रवार

अठरा. एका दिवसात सात केले, हा आमच्या एरियातला विक्रम असेल. काम मला येतं यात वाद नाही.

दादा-वहिनींना कुठून तरी कळलं. ताट वाढताना वहिनीने विचारलं, किती माफ्या झाल्या? म्हटलं, अठरा. म्हणाली, "भाऊजी, त्यातली एकच कॉलेजात मागितली असतीत तर आज पदवी भिंतीवर असती." मला घास लागला. दादाने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. वहिनीमार्फत नाही, स्वतः.

साहेबांचे नऊ फोन. घेतले नाहीत.

उद्या कडक मॅडम. त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं नाही. पाय तिकडे वळत नव्हते, इतकंच.

२० एप्रिल, शनिवार

बाकावर दोन तास. शेवटचा पेशंट गेला तेव्हा बोलावलं.

मी सांगितलं. त्यांनी अकरावं पान वाचलं नाही, त्यांच्या टेबलावर त्याच पानाची झेरॉक्स आधीच होती, पेन्सिलने अधोरेखित केलेल्या ओळींसकट. दुकानातून त्यांना पोचली होती. मी उभाच होतो. त्या ओरडतील म्हणून मी दोन्ही पाय घट्ट रोवले होते.

"मी नक्की विचारलं, तू नक्की म्हणालास," त्या म्हणाल्या. "तुझं वय बावीस. माझी प्रॅक्टिस तीस वर्षांची. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी. बस."

बसलो. त्यांनी विचारलं, आज कंपनीने पाठवलं का. म्हटलं, कंपनीला कळलं तर पत्र जाईल. त्या म्हणाल्या, मग गेलंच समज, काल तुझ्या साहेबांचा फोन येऊन गेला, तू आजारी आहेस आणि काहीबाही बोलतोयस असं सांगत होते.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. त्या नावं वाचत गेल्या, मी त्यांच्या फोनवरून नंबर फिरवत गेलो आणि फोन त्यांच्या हातात देत गेलो. सात पेशंट. सहा जण बरे होते. सातव्यांच्या हिरड्यांतून दोन दिवस रक्त येत होतं, त्यांना मॅडमनी तिथल्या तिथे बोलावून घेतलं. सुनेने हाताला धरून आणलं. मी बाकावर सरकून त्यांना जागा दिली. ते मला म्हणाले, तुम्हीही पेशंट का? म्हटलं, हो.

३० एप्रिल, मंगळवार

ऑफिसात गेलो, कारण तारीख आजची होती. साहेबांनी खण उघडला नाही. पाकीट टेबलावर तयार होतं, वेगळं. उमेदवारी समाधानकारक नसल्याने इत्यादी. मी म्हटलं, साहेब, असमाधानकारक काय होतं ते तरी सांगा, एरियात पहिला होतो. ते म्हणाले, होतास. आणि पुढे खाली बघून म्हणाले, "जा आता. आणि कुठे लागलास तर कळव." त्यांच्यावर ओरडायचं मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. जमलं नाही. बॅग, फोल्डर आणि उरलेल्या डायऱ्या परत दिल्या. ही दिली नाही.

दादा दारात उभा होता. त्याने पाकीट वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. म्हणाला, जेवायला बस. मी विचारलं, कॉलेजचा विषय? तो म्हणाला, तो पत्र आणल्यावर बंद व्हायचा होता, तू पत्र आणलेलं नाहीस, म्हणजे विषय चालू. सोमवारी माझ्याबरोबर चल, फॉर्म मिळतात का बघू.

जेवलो. भाजी फिकी होती, तरी दोनदा घेतली.

३ मे, शुक्रवार

आज नोकरी नसतानाही तीनला गेलो. तिने निरोप पाठवला होता, म्हणून. तिच्या भावाकडून. तो म्हणाला, ती घरी तुमच्याबद्दल बोलते. हे वाक्य त्याने किती सहज म्हटलं! घरी. आणि भाऊ असून त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मी त्याला आत्तापासूनच मान द्यायला लागलोय.

ती परत तुम्हीवर आलीय. हरकत नाही, राग गेल्याची खूण आहे.

औषधाने त्रास झाला तर सरकारला कळवायचा एक फॉर्म असतो. पेशंट कोण, औषध कोणतं, काय झालं. तिने बहुतेक भरला होता. शिंपीकाकांची माहिती, तारखा, गोळ्यांची नावं, सगळं त्या मोत्यासारख्या अक्षरात. काका आता सकाळचे दोन तास मशीनवर बसतात म्हणे. एक रकाना रिकामा होता: ही औषधं एकत्र का दिली गेली. ती म्हणाली, इथे 'कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या माहितीवरून' एवढं लिहिलं तरी चालतं, नाव घालायची सक्ती नाही. घालायचं का ते तुम्ही ठरवा. वरच्या लोकांनी ऐकलं होतं हे सिद्ध करणं कठीण, नाव घातलं तर सगळं तुमच्यावर येईल.

मी पेन घेतलं. आधी साहेबांविषयी लिहायचं मनात होतं, गाडी, काच, थाप, सगळं. तेही लिहिलं, आणि खरं तेवढंच लिहिलं. पण सुरुवात माझ्यापासून केली, नाव आणि पत्त्यासह. रकान्यात सहा ओळींची जागा होती. मी जोडकागद मागितला. एवढ्याशा जागेत मावणारा माणूस मी नाही.

ती काउंटरवर कोपर टेकून वाचत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला थांबायला सांगितलं. माझ्यासाठी गिऱ्हाईक थांबवलं. वाचता वाचता ती शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. मला वाटलं, शुद्धलेखन चुकलं असेल. म्हटलं, खोडू का?

"नको," ती म्हणाली. "हे राहू दे."

मग तिने खाली सही केली. वर माझी, खाली तिची.

ती ओळ अशी होती: डॉक्टरांनी मला 'नक्की?' असं विचारलं होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी 'नक्की' म्हटलं.